क्रियापदाच्या शेपटीतला संशय



मला बोलायची सवय आहे ती कारखान्याच्या फाटकाशी, पाळी सुटताना, भोंग्याच्या आधी पाच मिनिटांत सगळे उरकायची. आज चालकांनी तासभर दिला आहे, आणि विषयही माझ्यावर सोपविला. त्यांची अपेक्षा अशी असावी की मी बोनस, किमान वेतन, कंत्राटी कामगार यांपैकी कशावर तरी बोलेन. ते सारे मी इतरत्र बोलतच असतो. आज मी व्याकरणावर बोलणार आहे. काही मंडळी हसली, ते मी पाहिले. ‘हा म्हणे व्याकरणावर बोलणार!’ असे त्या हसण्याचे मराठी भाषांतर होते. माझे काम सोपे झाले, कारण ‘म्हणे’ या एका शब्दावरच मला पुष्कळ सांगावयाचे आहे.

शाळा माझी सातवीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या जबान्या उतरवून घेताना. या दोन शाळांपैकी दुसरी जास्त कडक. जबानीत एक प्रत्यय इकडचा तिकडे झाला तर माणसाची नोकरी जाते. म्हणून व्याकरण हा पंडितांच्या फुरसतीचा उद्योग आहे असे मला कधी वाटले नाही.

आता पाहा. ‘भट्टी चालू आहे.’ हे विधान झाले. ‘भट्टी चालू असणार.’ बोलणाऱ्याने पाहिलेली नाही, पण त्याची खात्री आहे. सोमवारी पहिल्या पाळीला ती चालू असतेच. ‘भट्टी चालू असेल.’ खात्री थोडी उतरली. ‘भट्टी चालू असावी.’ इथे बोलणाऱ्याने काहीतरी पाहिलेले आहे, धुरांड्यातून धूर निघताना पाहिला असेल, आणि त्यावरून तो तर्क करतो आहे. ‘भट्टी चालू आहे म्हणे.’ याने काहीच पाहिले नाही, दुसऱ्याने सांगितले ते तो पुढे देतो आहे. एकच भट्टी, एकच क्षण, आणि पाच वाक्ये. भट्टीत काही फरक नाही. फरक आहे तो बोलणाऱ्याच्या पायाखालच्या जमिनीत. तो कशावर उभा राहून बोलतो आहे, हे क्रियापदाचे शेपूट सांगते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळया ओढणारा निरक्षर कामगारही या पाच शेपट्यांत गल्लत करीत नाही. ती गल्लत होते ती लिहिणाऱ्यांकडून, आणि त्याबद्दल मी पुढे बोलेन.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली निघाले, आणि मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. दामल्यांचा तो जाड ग्रंथ मी सलग वाचून काढला असे सांगत नाही. पण क्रियापदाचे प्रकरण दोन पावसाळे घेऊन बसलो होतो. त्यात रूपांना नावे दिली आहेत ती त्यांच्या अंगावरच्या कपड्यावरून. ‘ल’ दिसला की लाख्यात, ‘व’ दिसला की वाख्यात, ‘त’ दिसला की ताख्यात. भूतकाळ, भविष्यकाळ अशी कामावरून पडलेली नावे असताना ही कशाला, असे प्रथम वाटते. मला त्यात मोठे शहाणपण दिसले. कारण रूप एक काम करते असे नाहीच. ‘आला’ हे रूप भूतकाळाचे, असे आपण मुलांना शिकवतो. मग दिवाळीच्या तोंडावर सूचनाफलकापुढे उभा राहून माझा कामगार म्हणतो, ‘मिळाला आता बोनस!’ यात भूतकाळ कुठे आहे? बोनस मिळालेला नाही, आणि मिळणार नाही अशी त्याची खात्री आहे. ‘झालं कल्याण!’ ‘आले ते चर्चेला!’ ‘दिली त्यांनी पगारवाढ!’ हे सगळे लाख्यात, आणि सगळ्यांचा अर्थ भविष्यकाळी आणि नकारार्थी. क्रियापद पुढे आणले, ‘ल’वर जरा आघात दिला, की झालेल्या गोष्टीचे रूप न होणाऱ्या गोष्टीच्या तोंडावर फेकता येते. नकाराचा ‘नाही’ कुठे उच्चारायचा नाही. कुणी पकडलेच तर म्हणता येते, मी तर ‘मिळाला’ म्हणालो!

वाख्यात तसेच. शाळेत ‘करावे’चे अर्थ शिकवतात: कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता, तर्क. त्या यादीत उपरोध घालायचा राहिला आहे. ‘आम्ही भट्टीपुढे भाजावं आणि यांनी थंड खोलीत बसून आम्हांला काटकसर शिकवावी!’ यात कर्तव्यही नाही, इच्छाही नाही. पण ‘भाजतो’ आणि ‘शिकवतात’ असे साधे बोलले असते तर ती तक्रार झाली असती. ‘वा’ने तिचे कोरडे हसू केले. आणि ‘असशील तू साहेब, तुझ्या घरी!’ यातला ‘शील’ पाहा. वर वर तो दुसऱ्याचे म्हणणे मान्य करतो, आणि मान्य करता करता ते उंबऱ्याबाहेर ठेवून येतो.

पण या सगळ्यांचा राजा ‘म्हणे’. हा शब्द आला कुठून? ‘म्हणणे’ या धातूचे जुने रूप ते. ‘करी’, ‘जाई’, ‘बोले’ ही रूपे एके काळी वर्तमानकाळाची होती. आज ती कवितेत उरली, किंवा पूर्वीची रीत सांगताना येतात. ‘म्हणे’ मात्र रोज शेकडो वेळा तोंडात येतो, आणि त्याला कर्ता लागत नाही. ‘तो आला म्हणे’ यात म्हणतो कोण? कुणीच नाही. सगळेच. गंमत अशी की याच शब्दावर आपल्या संतांनी आपली सही केली. नामा म्हणे, तुका म्हणे. तिथे ‘म्हणे’च्या आधी नाव आहे. हे मी म्हणतो, जबाबदारी माझी, असे छातीवर हात ठेवून सांगणारा तो ‘म्हणे’. आणि नाव काढून टाकले की तोच शब्द सांगतो, माझी जबाबदारी नाही. आपल्या घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थांचे जन्मगाव. तिकडच्या एका म्हाताऱ्या सालगड्याशी मी हे बोललो. तो म्हणाला, ‘नाव हाय तवर अभंग, नाव गेलं की अफवा.’ माझ्या तासाभराच्या व्याख्यानात ते दोन तुकडेच कामाचे आहेत असे समजा.

या ‘म्हणे’ची जागाही पाहण्यासारखी. ‘कारखाना पगार वाढवणार म्हणे.’ शेवटी आहे, म्हणजे निरोप आहे; खरा असेल, खोटा असेल. ‘म्हणे, कारखाना पगार वाढवणार!’ तोच शब्द पुढे आला, आणि निरोपाची टिंगल झाली. एक अक्षर बदलले नाही. जनावराची शेपूट पुढे आणली तर ते चालणार नाही. पण मराठी वाक्य तसे चालते, आणि चालताना चावते.

असे फक्त आपल्याच भाषेत आहे काय? मुळीच नाही. आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात मराठी, तेलुगू, कानडी या तीन भाषांचे मुलूख, आणि वर कचेरीची उर्दू. तेलुगू माणूस ‘वच्चाडु’ म्हणजे ‘आला’ म्हणतो; ऐकीव असेल तर ‘वच्चाडट’. शेवटचा ‘अट’ म्हणजे आपला ‘म्हणे’. कानडीत ‘बंदनु’ म्हणजे आला, आणि ‘बंदनंते’ म्हणजे आला म्हणे. तिथला ‘अंते’ही म्हणण्याच्या क्रियापदापासूनच आलेला. आणि उर्दूत ‘गोया’. ‘गोया’ हा फारसी शब्द, बोलण्याच्या धातूपासून निघालेला; त्याचा अर्थ ‘जणू काही’ असा होऊन बसला. म्हणजे एका राज्यात राहणाऱ्या चार भाषांनी ऐकीव गोष्टीला खूण करायची सोय आपापल्या घरी केलेली होती, आणि कच्चा माल बहुधा एकच: बोलणे.

हा ‘गोया’ पुढे इस्तंबूलपर्यंत गेलेला आहे. तुर्की भाषेत तो ‘ग्यूया’ होतो, आणि तिथे त्याचा अर्थ ‘म्हणे’च्या अगदी जवळ, उपरोधासकट. तुर्कीचे आणि आपले नाते मी ओढूनताणून जोडतो आहे असे समजू नका. 1931 साली निजामाच्या थोरल्या मुलाचे लग्न तुर्कस्तानच्या पदच्युत खलिफाच्या मुलीशी, दुर्रुशेहवारशी झाले. म्हणजे आपल्या आजोबांच्या वेळी राज्याची सूनबाईच तुर्की होती. पण माझे काम तिच्या भाषेशी आहे.

तुर्कीत भूतकाळाची दोन शेपटे आहेत. ‘गेल्दी’ म्हणजे आला, मी पाहिला. ‘गेल्मिश’ म्हणजे आला, पण मी पाहिला नाही. कळले, किंवा खुणांवरून दिसते आहे. (तिकडे ‘गेल’ म्हणजे ये. आपल्याकडे गेला म्हणजे गेला. भाषांचा असा खेळ चालायचाच.) मराठीत ‘म्हणे’ लावला काय, न लावला काय, वाक्य पुरे होते. तुर्की माणसाला ती सूट नाही. ‘आला’ म्हणायचे तर त्याला निवड करावीच लागते: पाहिला की ऐकला? काशगरचा महमूद नावाचा पंडित अकराव्या शतकात बगदादेत होता. 1070 नंतरच्या दशकात त्याने तुर्की भाषांचा मोठा कोश अरबीत लिहिला, आणि त्यात हा फरक नोंदवून ठेवला. नऊशे वर्षांवर झाली, फरक अजून टिकून आहे.

आणि हेच ‘मिश’ उपरोधाला लागते. ‘हस्ता’ म्हणजे आजारी. ‘हस्तायमिश’ म्हणजे आजारी आहे म्हणे. सरळ सुरात म्हटले तर निरोप, आणि भुवई उंचावून म्हटले तर ‘म्हणे आजारी!’ एवढ्याने भागले नाही तर ‘मिश’वर आणखी एक ‘मिश’ चढवतात. ‘चालिश्मिश’ म्हणजे काम केले म्हणे. ‘चालिश्मिश्मिश’ म्हणजे काम केले, असे त्याचे म्हणणे, म्हणे! आपल्याकडे मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टी येतात. तुर्कस्तानात त्या आणि लोककथा या ‘मिश’मध्येच सांगतात. आपल्या आजीने मात्र ‘आटपाट नगर होते’ असे ठासून सांगितले. आजी साक्षीदार असल्यासारखी बोलायची, आणि आपला विश्वासही बसायचा.

संस्कृतवाल्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पाणिनीने बोलणाऱ्याने न पाहिलेल्या भूतकाळासाठी एक स्वतंत्र रूप सांगितले, लिट्. त्यासाठी शब्द वापरला ‘परोक्ष’, म्हणजे डोळ्यांआड. मग शिष्यांना प्रश्न पडला: स्वतःच्याच कृतीबद्दल हे रूप कसे वापरता येईल? मी केलेले मी पाहिले नाही असे कसे होईल? टीकाकारांनी उत्तर दिले: झोपलेला किंवा मद्य प्यालेला माणूस वापरू शकतो. आपणही म्हणतोच, ‘काल रात्री मी झोपेत ओरडलो म्हणे.’ तुर्की माणूसही डुलकी लागून जागा झाला की स्वतःच्या झोपेला ‘मिश’ लावतो. पतंजलीने याच संदर्भात शाकटायन नावाच्या वैयाकरणाची गोष्ट दिली आहे. तो रस्त्याच्या कडेला बसला होता, समोरून गाड्यांचा तांडाच्या तांडा गेला, आणि त्याला दिसला नाही. मन दुसरीकडे होते. म्हणजे डोळे उघडे असून चालत नाही, पाहणे घडावे लागते. साक्षीदाराची उलटतपासणी करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट खिशात ठेवावी. मी ठेवली आहे.

आता जबानीकडे येतो. नाव सांगणार नाही, पण एका कारखान्याच्या आवारातून रात्री सळया गेल्या. एका कामगारावर आळ आला, त्याला निलंबित केले, आणि खात्यांतर्गत चौकशी लागली. कामगाराचा प्रतिनिधी म्हणून मी बसलो. पहारेकऱ्याची जबानी पुढे आली. कागदावर टंकलिखित होते: ‘आरोपीने सळया गाडीत भरल्या.’ मी पहारेकऱ्याला विचारले, ‘दादा, तुम्ही काय सांगितलं होतं, ते तुमच्या तोंडानं पुन्हा सांगा.’ तो म्हणाला, ‘यानं सळया गाडीत भरल्या म्हनं.’ मी चौकशी अधिकाऱ्यांना विनंती केली, ‘म्हनं’ लिहून घ्या. ते शिकलेले, सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, ‘अहो, ही खेड्यातली बोलायची लकब आहे. अर्थ तोच.’ मी म्हटले, ‘साहेब, अर्थ तोच असेल तर लिहायला हरकत काय?’ पाऊण तास त्या दोन अक्षरांवर गेला. शेवटी लिहिले. मग पुढचा प्रश्न आपोआप आला: कोण म्हणे? पहारेकऱ्याने एका चालकाचे नाव घेतले. तो चालक पुढे आला तेव्हा कळले, त्यानेही पाहिले नव्हते. त्याला चहाच्या टपरीवर कुणी सांगितले होते. टपरीच्या पुढे माग लागला नाही. कामगार आठ महिन्यांनी कामावर परत आला. मधल्या आठ महिन्यांचा पगार मात्र बुडाला तो बुडालाच.

कायदा याबाबत काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा असे होते: पाहण्याची गोष्ट असेल तर पाहणाऱ्यानेच येऊन सांगावे. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, आणि हे तत्त्व त्यातही ठेवले आहे. पण खात्यांतर्गत चौकशीत हा कडक नियम तसाच्या तसा लागत नाही. हरियाणातल्या एका बसवाहकाच्या प्रकरणात 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने, हे स्पष्ट केले. ज्या उतारूंकडे तिकिटे नव्हती असा आरोप, त्यांची साक्षच झाली नव्हती; तरी चौकशी रद्द ठरली नाही. ऐकीव पुरावा अशा चौकशीत वर्ज्य नाही, मात्र तो विश्वास ठेवण्याजोगा हवा आणि प्रकरणाशी त्याचा संबंध हवा. हे ऐकून माझे काही सोबती म्हणतात, मग ‘म्हणे’ लिहिला काय आणि गाळला काय! मी उलट म्हणतो. जिथे ऐकीव पुरावा चालतो, तिथेच तो ऐकीव आहे ही खूण कागदावर राहिली पाहिजे. खूण पुसली तर तो विश्वासार्ह आहे की नाही हे तपासणार कशावरून?

हे मी व्यवस्थापनालाच ऐकवतो असे नाही. आमच्या युनियनमध्येही ‘म्हणे’ वाटेत गळून पडतो. ‘कारखाना परराज्यात हलवणार म्हणे’ असे पहिल्या पाळीला कुणी म्हटले, तर दुसऱ्या पाळीला ‘हलवणार’ होते आणि रात्रपाळीला ‘हलवला’. सकाळी माझ्या दारात पन्नास माणसे. म्हणून आमच्या बैठकीत मी एक शिस्त घातली आहे: बातमी आणणाऱ्याने ‘मी पाहिले’ तरी म्हणायचे, नाहीतर ‘म्हणे’ तरी, तिसरे काही चालणार नाही. तुर्की व्याकरणाची सक्ती मी जालन्यात लागू केली असे म्हणायला हरकत नाही.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, पाच माणसांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. ‘टोळी आली म्हणे’ या वाक्यातला ‘म्हणे’ कुठल्या तरी हातात गळाला, आणि उरले ‘टोळी आली’. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली. ती खूण म्हणजे यंत्राने लावलेला ‘म्हणे’च. आपल्या आज्यांच्या जिभेवर तो फुकट होता.

‘म्हणे’ची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी त्याचा वकील ठरेन. हाच शब्द भ्याडाचे घरही आहे. गल्लीतल्या एखाद्या बाईविषयी ‘ती म्हणे...’ असे सुरू करून जे बोलले जाते, ते बोलणाऱ्याचे हात स्वच्छ ठेवते आणि तिचे आयुष्य काळे करते. तिथे ‘कोण म्हणे?’ हे विचारणारा माणूस आपल्यात क्वचित निघतो. चौकशीत मी विचारतो, कारण तिथे ते माझे काम आहे. ओट्यावर विचारले की लोक म्हणतात, याला फार शिंगे फुटली.

आणि साहेबी भाषेत तर ‘म्हणे’ला प्रवेशच नाही. तिथे दुसरे शेपूट आहे: ‘केली जाईल’, ‘विचार केला जाईल’, ‘कार्यवाही करण्यात येईल’. ‘म्हणे’मध्ये सांगणारा लपतो, ‘जाईल’मध्ये करणारा लपतो. करणार कोण, केव्हा, याचा पत्ता नाही. मागण्यांच्या निवेदनावर असे उत्तर आले की आमचा एक जुना फिटर ते मोठ्याने वाचून दाखवी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘म्हणे’ जोडी. ‘सहानुभूतिपूर्वक विचार केला जाईल म्हणे.’ सभा हसे. मला त्यावर वेगळे भाषण करावे लागत नसे.

दुसऱ्या शिव्या महाग पडतात, त्यावर नोटीस निघते. ‘म्हणे’वर, ‘मिळाला बोनस’वर, ‘असशील साहेब’वर नोटीस काढायची तर तिच्यात लिहायचे काय? आरोपपत्रात सूर लिहिता येत नाही. ज्यांच्या हाती फारसे काही नाही, त्यांनी ही हत्यारे पिढ्यान्‌पिढ्या घासून ठेवली आहेत, असे माझे मत आहे. तालुक्यातालुक्याने त्यांची धार निराळी. मंठ्याकडचा ‘म्हनं’ आणि भोकरदनकडचा ‘म्हनं’ यांत सुराचा फरक आहे, असे माझ्या कानाला वाटते. पण कानाला वाटणे म्हणजे पुरावा नव्हे, उदाहरणे हवीत. मी एक वही ठेवली आहे. तीत साडेतीनशेच्या वर वाक्ये झाली, त्यांपैकी निम्मी फाटकावरची आणि बरीचशी चुलीपाशी ऐकलेली. इथे जमलेल्या माताभगिनींकडे माझ्यापेक्षा अधिक साठा असणार. ‘असणार’ म्हणतो, ‘असेल’ म्हणत नाही. व्याख्यान संपल्यावर मी दाराजवळच्या टेबलापाशी थांबतो. ज्यांना आठवेल त्यांनी वाक्य सांगावे, गाव सांगावे, आणि ते स्वतः ऐकलेले की ऐकीव, तेही सांगावे.